बाभळीवरचं मौन

माणसांनी नुकत्याच विहिरी खणायला घेतल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. एका विहिरीवरच्या बाभळीला सात फांद्या होत्या आणि प्रत्येक फांदीवर सुगरण पक्ष्यांचं एकेक राज्य होतं. एके दिवशी नाग वर चढला आणि त्यानं खालच्या फांदीवरची सगळी पिल्लं गिळली.

सातही राजे जमले. त्यांनी अत्यंत कडक शब्दांत नागाचा निषेध केला. मग रिवाजाप्रमाणे मेलेल्यांसाठी सगळं झाड डोळे मिटून गप्प उभं राहिलं. डोळे उघडले, तर दुसरी फांदी रिकामी! पुन्हा निषेध झाला, पुन्हा डोळे मिटले.

या खेपेला खालच्या फांदीवरच्या चंद्री सुगरणीनं मात्र डोळे उघडे ठेवले. तिची पिल्लं पहिल्याच दिवशी गेली होती.

"महाराज, तो वर येतोय! सगळे मिळून चोची मारू या. अजून आपण शेकडो आहोत!"

"गप्प बस!" थोरला राजा डोळे न उघडताच खेकसला. "मेलेल्यांचा काही मान ठेवशील की नाही?"

मौन मोडलं म्हणून सभेनं चंद्रीला झाडावरून हाकललं. एवढा एकच ठराव ताबडतोब अमलात आला.

चार दिवसांनी ती परतली. रिकामी घरटी वाऱ्यावर हलत होती. ती शेंड्यावर बसून घसा फुटेस्तोवर ओरडत राहिली. तिला गप्प बस म्हणणारंही आता कुणी उरलं नव्हतं.