आपल्यातली शीळ

झाडांना दारं होती त्या काळची गोष्ट. फणसाच्या ढोलीत खारीचं पिल्लू राहायचं, शेजारी वर्षभराचे काजू. आईची शीळ ऐकली की पिल्लू आतून कडी काढायचं.

साळुंकी म्हणाली, "ताई, मलाही शिकव ना ती शीळ. तू नसलीस तरी चार काजू खाऊन जाईन."

खारीला नाही म्हणवेना. तिने शिकवली. "पण आपल्यातच ठेव हं!"

साळुंकीने पोपटाला शिकवली, पोपटाने माकडाला. प्रत्येकाने बजावलं, "आपल्यातच ठेव."

एका संध्याकाळी खार परतली, तर दार सताड उघडं. आत रानमांजराचे केस पडलेले. पिल्लू नव्हतं.

"त्याला कुणी शिकवली?" खार किंचाळली.

"आम्ही नाही गं," सगळे म्हणाले. "आम्ही आपल्यातच सांगितली."

उघड्या दारासमोर बसून खार शीळ घालत राहिली.