बेताल झाकण

ही हकिकत ऐकून आता बरीच वर्षे झाली. सांगणाऱ्या म्हाताऱ्याचे नाव ड्यूबरी होते, की त्याच्या हातगाडीवर रंगवलेले ते नाव गाडीच्या आधीच्या मालकाचे होते, याचीही खात्री आज देता येत नाही. काही तपशील नंतर मनाने भरले गेले असण्याची शक्यता आहे. वाचणाऱ्याने तेवढे सांभाळून घ्यावे.

कॅरिबियन समुद्रातल्या एका लहानशा बेटावर पोर्ट अलेन नावाचे गाव आहे. गावाच्या मधून एक ओढा जातो. एरवी तो कोरडाच असतो. त्यावर एक दगडी पूल आहे. ऑगस्टच्या कडक उन्हात तिथे कार्निव्हल भरतो. पिसांचे मुकुट घातलेली, अंगाला रंग फासलेली माणसे रेगे आणि डान्सहॉल या तिथल्या संगीताच्या ठेक्यावर नाचत निघतात आणि त्यांच्या पुढेमागे स्पीकरच्या भिंती लादलेले ट्रक असतात. ही मिरवणूक पुलावर आली की गावातली एखादी वयस्क बाई पुढे होते आणि भांड्याचे झाकण वाजवते. ठेका धरून नव्हे, मुद्दाम बेताल. त्यासरशी सगळे ट्रक गप्प होतात आणि नाचणारे जिथल्या तिथे थांबतात. एक जण कठड्यावरून वाकून ओढ्याच्या वरच्या अंगाला पाहतो आणि ओरडतो, "कोरडा आहे!" मगच गाणे पुन्हा पहिल्यापासून लागते.

हे असे का, असे पाहुण्यांनी विचारले, तेव्हा ड्यूबरीने बर्फ किसायचे थांबवून सांगायला सुरुवात केली. तो दोन्ही काठांवर सरबत विकणारा माणूस. त्यामुळे त्याच्यावर थोडा विश्वास ठेवावा आणि थोडा राखून ठेवावा.

फार पूर्वी, म्हणे, गावात दोन 'साउंड' होते. साउंड म्हणजे स्पीकर, रेकॉर्डी आणि त्या लावणारा माणूस, असा सगळा मिळून संसार. पश्चिम काठावर एव्हर्टन मॅकलीशचा साउंड, पूर्व काठावर ऑस्बर्न तुलॉकचा. ऑस्बर्न मूळचा या गावचा नव्हे. तरुणपणी दुसऱ्या बेटावरून आला, इथल्या इमोजीनशी लग्न केले आणि ओढ्याच्या वरच्या वळणावर घर बांधून राहिला. मूलबाळ झाले नाही. आपण परके आहोत आणि गाव आपल्याला बाहेर काढायला टपलेले आहे, हा किडा त्याच्या डोक्यातून कधी गेला नाही. नवी रेकॉर्ड आणली की तो ती पाण्यात भिजवून मधला नाव छापलेला कागद काढून टाकी, म्हणजे गाणे कोणाचे ते कोणाला कळू नये. तसे सगळेच साउंडवाले करत, पण ऑस्बर्न ते दार लावून करी.

त्या वर्षी त्याने एका गवयाकडून खास आपल्या साउंडचे नाव गुंफलेले गाणे करून घेतले. जगात त्याची एकच प्रत. कार्निव्हलला दोन्ही साउंड समोरासमोर वाजणार होते आणि नियम असा होता, की जो आधी गप्प होईल तो हरला. हरणाऱ्याने आपली सगळ्यात मोलाची रेकॉर्ड घेऊन ओढ्याच्या मध्यभागी यायचे. जिंकणाऱ्याने आपले यंत्र बंद करून ती स्वतःच्या हाताने घ्यायची.

कार्निव्हलच्या आदल्या दिवशी इमोजीन नळावर धुणे धूत काहीतरी गुणगुणत होती. ऑस्बर्न रस्त्यावरून जाताना थबकला. चाल त्याच्या गाण्याची होती. शेजारी एव्हर्टनची बहीण बादली भरत होती.

ती घरी आल्या आल्या त्याने विचारले, "कुठं ऐकलंस ते?"

"काय ते?"

"नळावर गात होतीस ते."

"मी गात होते? कोण जाणे. आता धुणं धुताना तोंडाला पट्टी बांधू का?"

"एव्हर्टनची बहीण होती शेजारी."

"होती ना. साबण मागत होती. साबणात गुंडाळून दिलं बघ तुझं गाणं!"

ऑस्बर्नला हसू आले नाही. "उद्या तू नाचाला यायचं नाही," तो म्हणाला.

"नाही येत. तुझ्या त्या रेकॉर्डलाच सांग संध्याकाळी जेवायला वाढायला."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही काठ फुलून गेले. दोन्हीकडचे संगीत जिथे सारखे ऐकू येते ती जागा म्हणजे मधले कोरडे पात्र. तरणी माणसे, लेकुरवाळ्या बाया सगळे तिथेच उतरले होते. ऑस्बर्नने खास गाणे लावले आणि लोक वेडे झाले. असे सांगतात की पहिल्यांदाच ऐकत असूनही ते गाणे त्यांना जन्मापासून ठाऊक असावे, तसे ते डोलू लागले. ऑस्बर्नने हा आपल्या रेकॉर्डचाच प्रताप मानला.

इतक्यात वरच्या अंगाकडून झाकण वाजू लागले. गाणे आवडले की त्या गावात झाकणे आणि पत्रे वाजवतात आणि मग ते पुन्हा पहिल्यापासून लावावे लागते. स्पीकर उचलणारा बार्नी ओरडला, "उस्ताद, वरची आळीसुद्धा खुळावली!" ऑस्बर्नने ऐटीत सुई उचलली आणि गाणे पुन्हा लावले. काठावरच्यांनीही आपापली झाकणे बडवली.

पण गाणे पुन्हा लागल्यावर झाकणे थांबतात. वरचे ते एक थांबेना.

ऑस्बर्नला वाटले, ही एव्हर्टनची खेळी. वर माणूस बसवला आहे, आपण पुन्हा पुन्हा सुई उचलावी आणि एकदा गप्प पडावे म्हणून. त्याने आवाज वाढवला. तरी मधूनच तो खणखणाट ऐकू येई, आणि मग त्याने ते झाकण ओळखले. कड तडकलेले, जरा घोगरे. त्याच्याच घरातले. म्हणजे इमोजीन फितूर झाली तर!

आणि तरीही काहीतरी खटकत होते. इमोजीनने उभ्या आयुष्यात ठेका चुकवला नव्हता. ती कांदा चिरी तोसुद्धा तालात. हे झाकण बेताल होते. फितूर झालेली इमोजीनसुद्धा असे वाजवणार नाही, वरच्या वळणावरून तिला काहीतरी येताना दिसले आहे, हे त्याला एकदम कळले आणि त्याने रेकॉर्डवरची सुई ओढून काढली.

पश्चिम काठावर जल्लोष झाला. "मेला रे ऑस्बर्न!" ऑस्बर्नने माइकवरून ओरडून सांगितले, "वर या! पाणी येतंय!" कोणी हलले नाही. डोक्यावर निळे आभाळ होते. "हरला तर आता पाऊस पाडतोय!" खाली एक बाई म्हणाली, आणि सगळे हसले. एव्हर्टनचा साउंड दणाणतच राहिला. त्या दणदणाटात झाकण कोणाला ऐकू जाणार?

तेव्हा ऑस्बर्न ती एकुलती एक रेकॉर्ड डोक्यावर धरून पात्रात उतरला. हरलेला माणूस रेकॉर्ड घेऊन आला की जिंकणाऱ्याला यंत्र बंद करावेच लागे. एव्हर्टन सावकाश खाली आला.

"एवढ्यात? अजून ऊनसुद्धा उतरलं नाही. यात काहीतरी काळंबेरं आहे."

"असू दे. तुझं बंद कर आणि घे."

एव्हर्टनने रेकॉर्ड उन्हात धरून दोन्ही बाजूंनी न्याहाळली. खोटी तर नाही ना? मग त्याने हात वर केला. पश्चिम काठ गप्प झाला. आणि त्या शांततेत सगळ्यांनी ऐकले, वर बडवले जाणारे ते झाकण आणि त्यामागची घरघर. डोंगरात केव्हाच पाऊस कोसळला होता.

गढूळ लोंढा वळणावर दिसला तेव्हा शेवटचा माणूस काठावर ओढला जात होता. एव्हर्टनचे खालचे स्पीकर वाहून गेले. माणूस एकही गेला नाही, असे सांगतात.

थोड्या वेळाने इमोजीन झाकण हातात घेऊन आली. हात सुजले होते.

"किती बडवायचं माणसानं! आणि तू गाणं परत पहिल्यापासून लावतोस?"

"मला वाटलं, तुला आवडलं."

पुढे ऑस्बर्नने साउंड मोडला नाही, पण रेकॉर्डीवरचे कागद भिजवणे सोडले. नळावरच्या त्या गाण्याबद्दल मात्र त्याने पुन्हा कधी विचारले नाही, आणि ती चाल तिच्या कानी कुठून आली हा संशय, म्हणे, शेवटपर्यंत त्याच्या मनात राहिला.

आजही पुलावर झाकण बेतालच वाजवतात. पूर्व काठ म्हणतो ऑस्बर्नने गाव वाचवले, पश्चिम काठ म्हणतो तो हरतच आला होता. ड्यूबरीने दोन्ही सांगितले आणि तो पुन्हा बर्फ किसू लागला.

पुष्कळ वर्षांनी त्या गावी पुन्हा जाणे झाले. एव्हर्टनची मुलगी ओरेलिया हिच्या घरी ती कागद नसलेली रेकॉर्ड खरोखर आहे. तिच्यावर सुई ओढल्याचा लांब ओरखडा आहे. त्यात ऑस्बर्नच्या साउंडचे नाव असल्याने एव्हर्टनने ती कधी वाजवली नाही. ओरेलियाबाईंनी आग्रहावरून ती लावली. चाल ओळखीची वाटली, पण स्वतःच्या कानावर विसंबणे बरे नव्हे. म्हणून दुसऱ्या दिवशी नळावर धुणे धुणाऱ्या बायांसमोर ती चाचरत गुणगुणून पाहिली. एका बाईने हातातले धुणे न थांबवता पुढची ओळ म्हटली. दुसरीने त्यापुढची. मुलांना झोपवताना पोर्ट अलेनच्या आया गातात ते गाणे होते. ऑस्बर्न त्या गावात येण्याच्या कितीतरी आधीपासूनचे.