अध्यक्षांनी उठवलेली सभा

शाळेच्या पालक संघाची निवडणूक आली की अध्यक्ष भाऊसाहेब दिघावकर आपली माणसं घेऊन भर सभेतून उठायचे. मग गणसंख्या भरायची नाही आणि यांची खुर्ची टिकायची. यंदाही त्यांनी माणसांना आपल्या हॉटेलात जेवायला धाडलं आणि स्वतः गंमत बघत दारात थांबले.

“काय ताई, मोडली ना सभा?”

“तहकूब झाली,” नव्या सचिव रेहाना मुजावर म्हणाल्या. “अर्ध्या तासानं इथंच भरेल. तेव्हा हजर असतील तेवढे पुरतात. संघाच्या घटनेत हे कलम तुम्हीच घातलंय.”

भाऊसाहेबांनी घाईनं फोन काढला.

“बोलवा की,” रेहानाताई म्हणाल्या. “पण तुमच्याच पंगतीला बसलीत माणसं. भरल्या ताटावरून उठवणार त्यांना?”

भाऊसाहेबांनी हसून फोन खिशात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांना असं कुणी कोंडीत पकडलं नव्हतं. अध्यक्षपदासाठी रेहानाताईंचं नाव पुकारलं, तेव्हा पहिला हात भाऊसाहेबांचाच वर गेला.