पहिल्या ठशाचं नाणं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारं आता कुणी उरलं नाही. माणसांच्या खोडी मात्र उरल्या आहेत.

त्या राज्यात नवा राजा गादीवर बसला, की टांकसाळीत नवे ठसे कोरत. कोऱ्या ठशांखाली सगळ्यात आधी मोजकी नाणी पाडत, पण ती बाजारासाठी नसत. चांदीची चकती आरशासारखी घोटायची, मग तिच्यावर ठसा दोनदा मारायचा. त्या नाण्याची सपाट जमीन अशी लखलखीत, की तिच्यात आपली पापणी दिसावी. वर राजाचा चेहरा मात्र सायीसारखा मऊ, पांढरा. असं नाणं कडेनं धरायचं, डोळे भरून बघायचं आणि पुन्हा मऊ कापडात गुंडाळून ठेवायचं.

ठसे कोरणाऱ्या एका कारागिराला राजानं असं एक नाणं बक्षीस दिलं. कारागिरानं ते लेकीच्या लग्नात तिच्या ओंजळीत ठेवलं. "याच्या तोंडाला बोट लावू नकोस, लावू देऊ नकोस," एवढंच तो म्हणाला.

लेक सासरी आली. त्या गावची एक रीत होती. नव्या सुनेनं माहेराहून जे आणलं, त्याचं मोल पंचांसमोर व्हायचं आणि तेवढ्या मोलाची झाडं सासरच्या बागेतून तिच्या नावे व्हायची. झाडं तिची, फळं तिची, वाईट दिवस आले तर आधारही त्यांचाच. थोरली जाऊ पाटल्या-तोडे घेऊन आली होती, म्हणून विहिरीजवळचे आंबे तिचे झाले होते. सासऱ्याच्या डोळ्यांत ते आंबे अजून सलत होते. या खेपेला त्यानं आपल्या बैठकीतल्या सराफालाच बोलावलं.

पंच जेवून बसले होते. त्यांतला सगळ्यात म्हातारा तर बसल्या बसल्या पेंगत होता. सुनेनं कापड उलगडलं आणि हात जोडून सांगितलं, की नाणं कडेनं धरा, तोंडाला हात लावू नका.

सगळे हसले. नवी सून बोलली, यातच त्यांना मौज वाटली.

सासऱ्यानं नाणं उचललं आणि राजाच्या गालावर अंगठा दाबला. आत्तेसासूनं ते घेऊन पदरानं खसाखसा पुसलं. "काही नाही गं, झिजत नाही तुझा राजा," ती म्हणाली. नवरा स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. त्या अंगठ्यात एवढं काय होतं, ते सुनेला पुढेही कधी कळलं नाही.

मग सराफानं नाणं आपल्या काळ्या कसोटीच्या दगडावर ठेवलं. सून दोन पावलं पुढे आली. तेवढ्यात त्यानं ते चर्रकन ओढलं.

तो आवाज तिच्या दातांत जाऊन बसला.

"तोळाभर चांदी," सराफ म्हणाला. "बाकी सगळी चकाकी."

तोळाभर चांदीचं एक झाड ठरलं, तेही बांधावरचं काटेरी लिंबाचं. पंचांनी माना डोलावल्या. म्हाताऱ्यानं तर झोपेतच डोलावली.

सुनेनं नाणं पुन्हा कापडात गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवसापासून लिंबाला पाणी घालू लागली. लोकांना वाटलं, पोर समजूतदार आहे. राग गिळला की माणूस समजूतदार दिसतो, एवढंच.

पुढे एकदा राजाचा खजिनदार गावोगाव हिंडत तिथे आला. खजिन्याला आग लागून पहिल्या ठशाची नाणी वितळली होती. राज्यात खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला होता आणि ती ताडून बघायला अस्सल तोंड उरलं नव्हतं. असं नाणं जपलेलं असेल, तर राजा मागाल ते देईल, अशी दवंडी झाली.

सासऱ्यानं सुनेला विचारलंसुद्धा नाही. तिची पेटी उघडून नाणं काढलं आणि खजिनदाराला पंच नि सराफासह आपल्याच ओसरीवर बोलावलं.

खजिनदारानं नाणं कडेनं धरलं, उन्हात तिरकं केलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "हे जसंच्या तसं असतं, तर या ओढ्यापासून त्या टेकडीपर्यंतच्या बागेएवढं मोल दिलं असतं. आता ही तोळाभर चांदी. कुणी केलं हे?"

सासरा गडबडला. मग त्यानं सुनेकडे बोट दाखवलं. "ही पोर. भांड्यांबरोबर घासलं असेल राखेनं."

सून माजघरातून बाहेर आली.

"मामंजी, राखेचा ओरखडा गोल फिरतो. हा सरळ आहे, दगडावर ओढलेला. गालावर अंगठा तुमचा आहे, अजून दिसतोय. त्या दिवशी मी हात जोडले, तुम्ही हसलात. हसू दिलं. झाड म्हणून काटे दिलेत, तेही घेतले. पण माझ्या बापाच्या हातचं काम तुम्ही नासवायचं आणि नाव माझं घ्यायचं, हे मी चालू देणार नाही."

आवाज चढला नव्हता. म्हणूनच कुणाला तिला गप्प बस म्हणता आलं नाही. सराफ चपला शोधू लागला.

पंचांतला म्हातारा आज जागा होता. तो खजिनदाराला म्हणाला, "आमच्या गावी सुनेनं आणलेल्या वस्तूच्या मोलाची झाडं तिला मिळतात. मोल आज कळलं."

"पण नाणं तर बिघडलंय," सासरा घाईनं म्हणाला.

"वस्तू घरात आली तेव्हा कशी होती, ते बघायचं. बिघडवली तुम्ही. आणि आम्ही डुलक्या घेतल्या, तेही खरं."

संध्याकाळच्या आत ओढ्यापासून टेकडीपर्यंतची सासऱ्याची सगळी बाग सुनेच्या नावे झाली. थोरल्या जावेचे आंबे तेवढे तिचे तिलाच राहिले. सासऱ्याच्या नावे उरलं बांधावरचं लिंबाचं झाड, कारण ते सुनेनं स्वतःहून परत केलं.

नाण्यावरचा ओरखडा मात्र कशानंच गेला नाही. सुनेचा रागही गेला नाही, आणि तिनं तो घालवायचा प्रयत्नही केला नाही. पुढे कधी सासरा फणस-चिकूसाठी बागेच्या कुंपणाशी घुटमळला, की ती विचारी, "मामंजी, यंदा लिंबं कशी आहेत?"

तात्पर्य: दुसऱ्याच्या ठेव्याचं मोल जो आपल्या सोयीनं पाडतो, त्याला ते एक दिवस स्वतःच्या घरातून भरावं लागतं.