स्टीमरने आरसा झाकला

विजेच्या मीटरला नुकताच लुकलुकणारा लाल डोळा फुटला होता, त्या काळातली ही गोष्ट. कुमुदवहिनींच्या घरी कपड्यांचा एक स्टीमर होता. साडीवरून वाफ फिरवली की चुण्या गायब! पण विजेचं बिल आलं आणि वहिनी कडाडल्या, "मेला नुसती वीज खातो. उद्याचं लग्न झालं की भंगारातच देते!"

रडकुंडीला आलेला स्टीमर मीटरला म्हणाला, "अरे, मी रोज एकच साडी करतो. मग एवढं कसं मोजतोस?"

"साडी बघता बघता होते रे. पण तुला चालू करून वहिनी आरशासमोर साड्या निवडत बसतात. तू तापत राहतोस, मी मोजत राहतो."

दुसऱ्या दिवशी स्टीमर चालू करून वहिनींनी पहिली साडी खांद्यावर टाकली. स्टीमरने सगळी वाफ आरशावर सोडली. वहिनींना स्वतःचं नाकसुद्धा दिसेना!

"थांब रे बाबा," म्हणत त्यांनी बटण बंद केलं. "आधी साडी ठरवते, मग तुला लावते."

तीच सवय पडली. पुढचं बिल पाहून वहिनी भंगाराचं नावही विसरल्या.

आरसा मात्र अजून फुगलेला होता. "भांडण तुझं आणि मीटरचं. मध्ये मला कशाला भिजवलंस?"

"काय करणार?" स्टीमर म्हणाला. "या घरात वहिनी ऐकतात ते फक्त तुझं!"