कंदपरी आणि बुधीची तिसरी इच्छा

हिरव्या डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी होती. पूर्वी तिथं सात घरं होती. मग लेकरं झाली, नातवंडं झाली, सातांची सत्तर घरं झाली. डोंगर मात्र होता तेवढाच राहिला.

त्या वाडीत बुधी राहायची. आठ वर्षांची. आई तापानं निजलेली, धाकटी बहीण तावली भुकेनं रडवेली. म्हणून बुधी काठी घेऊन डोंगरावर कंद खणायला गेली. दुपार झाली तरी बोटभर एकच कंद मिळाला.

तिनं कंदाचं डोकं कापलं, परत खड्ड्यात ठेवलं आणि वर माती सारली. त्या डोक्यातूनच पुन्हा वेल येतो, असं आईनं शिकवलं होतं. आता वाडीत असं कुणी करत नसे. "मी एकट्यानं डोकं नाही पुरलं तर काय होतंय?" असं जो तो म्हणे.

इतक्यात माती चमचमली. अंगठ्याएवढी परी वर आली. पोपटी पंख, पिवळंधमक झबलं, केसांत दवाचे मणी.

"किती वर्षांनी कुणी मला पांघरूण घातलं," ती म्हणाली. "मी कंदपरी. तीन इच्छा माग, बाळ. पण मी नवं काही आणत नाही. पुढच्या सालातलं उचलून आज देते."

"तिघींपुरते कंद दे."

टोपलीत तीन जाडजूड कंद आले. त्याच वेळी जमीन काचेसारखी झाली. आत तीन इवलेइवले कोंब काळे पडताना बुधीला दिसले.

रात्री आई उठून बसली आणि दोन घास जेवली. सकाळी परीची गोष्ट वाडीभर झाली. म्हातारा झिपरूआजा काठी टेकत आला.

"पोरी, आता शंभर टोपल्या माग."

"आणि पुढच्या साली काय खायचं, आजा?"

"पुढच्या सालाचं पुढच्या साली बघू."

"गेल्या साली पण तुम्ही असंच म्हणाला होतात," बुधी हळूच म्हणाली.

ती डोंगरावर गेली. "परीबाय, उलटं होईल का? आजचं उचलून पुढच्या सालात ठेवायचं?"

परी खुदकन हसली. "हे मला कुणी विचारलंच नव्हतं. होईल. ही तुझी दुसरी इच्छा. पण त्याला आजचं काहीतरी हवं."

बुधी विचार करत खाली आली. वाडीच्या उकिरड्यावर सत्तर घरांनी फेकलेली कंदांची डोकी पडली होती. ती वेचायला लागली.

"बुधी केर वेचते," पोरं चिडवायला लागली.

"तुमचंच पुढचं जेवण वेचते," बुधी म्हणाली. तिनं डोकी डोंगरावर नेऊन पुरली, तावली झारीनं पाणी घालू लागली. संध्याकाळपर्यंत चिडवणारी पोरंही डोंगरावर खड्डे करत होती. शेवटी झिपरूआजा आला, आणि गुडघ्यावर बसून त्यानं एक डोकं पुरलं.

त्या साली वाडीनं डोंगर खणला नाही, पेज जरा पातळ प्यायली. पावसाळ्यात डोंगरभर वेल चढले, हिरवे, कोवळे, लवलवते. खणायला आजाचे हात शिवशिवायला लागले.

"पानं पिवळी होऊ द्या, आजा, तेव्हाच कंद भरतो," बुधी म्हणाली.

"बरं, मास्तरीणबाई," आजा म्हणाला.

पानं सोन्यासारखी पिवळी झाली, तेव्हा सत्तर घरांना पुरून उरतील एवढे कंद निघाले. आईचा ताप कधीच गेला होता. तिनं भाजलेल्या कंदाचा पहिला घास तावलीला भरवला.

कंदपरी दगडावर येऊन बसली. "बुधी, तिसरी इच्छा राहिली."

बुधीनं आईकडं पाहिलं, तावलीच्या फुगलेल्या गालाकडं पाहिलं. "मला पुरलं. ती पुढच्या पोरांसाठी ठेव. मातीतच ठेव."

परीनं तिच्या कपाळाला ओठ टेकले. मग पिवळा, पोपटी, चांदीचा उजेड डोंगरभर पसरला, आणि विझला तेव्हा परी नव्हती.

ती इच्छा अजून तिथंच आहे. वाडीतलं प्रत्येक मूल कंद काढल्यावर डोकं पुरतं, वर हलकेच थोपटतं आणि म्हणतं, "नीज, अजून गरज नाही."