मण्यांचे साक्षीदार

एका राज्यात हेमांगिनी नावाची राजकन्या राणी होऊन नांदायला आली. माहेर-सासरच्या मध्ये एकच खिंड, आणि खिंडीत धूम्राक्ष जादूगार. त्याचा शाप असा, की तिथून जे जाईल त्यातली एक गोष्ट बदलेल. एकच, पण नेमकी मोलाची.

वरातीत राजाने त्याच्यापुढे मान लववली नाही. म्हणून अंगाची हळद उतरायच्या आत राजा पायांपासून दगड होऊ लागला. डोंगरावर नऊ झरे होते. एकाचे पाणी जीव देई, आठांचे घेई. घडा एकदाच भरता येई. खरा झरा ठाऊक होता फक्त राणीच्या आईला.

बातमी माहेरी गेली. आईने पोपट धाडला. तो म्हणाला, आंब्याखालचा झरा. राजाची आई, राजमाता, घडा घेऊन उठल्या. राणीने विचारले, "हे आईचं बोलणं, की धूम्राक्षाचं?"

पोपट म्हणाला, "मला काय ठाऊक, राणीसाहेब? माझ्या तोंडात आहे ते बोललो."

राजा कमरेपर्यंत दगड झाला. मग आईने धाडलेले आणखी दोन पोपट आले. एक म्हणे पिंपळाखालचा, दुसरा म्हणे वडाखालचा. दोघे सवतींसारखे भांडले. यात खोटे आहे एवढे कळले; खरे कोणते, ते नाही.

राजा गळ्यापर्यंत दगड झाला. तेव्हा घार आली, चोचीत मण्यांचे आसन घेऊन. राजमाता म्हणाल्या, "जावई दगड होतोय आणि विहीणबाई मणी ओवतायत."

पांढऱ्या मण्यांत नऊ झऱ्यांच्या नऊ लाल वाटा होत्या, पण राजवाड्याला जोडलेली एकही नव्हती. राणीला माहेरची खिडकी आठवली, तिथे आईसोबत मणी ओवलेल्या दुपारी आठवल्या. आईचा नियम होता, आडव्या ओळीत लाल मणी जोडीनेच यावेत, उभ्या ओळीतही. एखादा एकटा उरला, तर काठाला लाल मणी देऊन जोडी पुरी करायची. काठाच्या मण्यांना आई साक्षीदार म्हणे. हेमांगिनी कंटाळून विचारी, हे मोजणार कोण? आई नुसती हसे.

राणी मोजू लागली. साऱ्या आडव्या ओळी बरोबर. एकीतच जोडी मोडलेली. साऱ्या उभ्या बरोबर. एकीतच जोडी मोडलेली. दोन्ही ओळींवरून तिने बोटे फिरवली. जिथे ती भेटली, तिथे पांढरा मणी होता. राणीने तो काढून लाल ओवला. जांभळीखालच्या झऱ्याची वाट राजवाड्याला मिळाली.

झऱ्यापाशी धूम्राक्ष आडवा आला. "खरं काय ते तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तुम्ही हात लावलात, तिथंच जोडी मोडली."

बिघडवलेले कुणी नेमक्या जागेसह ओळखले, की त्याची जादू सरणार होती. तो धूर झाला आणि विरला.

राणीने पाणी पाजले. दगडाचा माणूस झाला. गळा मोकळा होताच राजाने विचारले, "माहेरी जायचंय?" तोवर न रडलेली राणी तेव्हा रडली.

दोघे खिंडीतून गेली. पलीकडे पोचल्यावर राणीने राजाला नीट पाहिले, स्वतःला पाहिले. काही बदलले नव्हते. बदलले होते आईचे केस, काळ्याचे पांढरे. आणि ते काही कुठल्या शापाने नव्हे. राणी तिच्या कुशीत बराच वेळ बसून राहिली.

जे जसे निघाले, ते तसेच आपल्या माणसांना पोचो.